धक्का स्टार्ट

कार्टची, म्हणजे एका माणसाच्या छोट्या उघड्या शर्यतीच्या गाडीची, शर्यत कशी सुटते असं विचारलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचं फॉर्म्युला वन येतं. गाड्या आपापल्या चौकोनात उभ्या, लाल दिवे एकेक करून लागतात, विझतात आणि सगळे सुटतात. कार्टिंगच्या बहुतेक वर्गांत मात्र शर्यत सुटते तेव्हा गाड्या उभ्या नसतातच. दोन रांगांत हळूहळू चालत येतात आणि चालत्या गाड्यांवरच शर्यत सुरू होते. याचं मूळ कारण नियमपुस्तकात शोधून सापडत नाही, ते इंजिनात आहे. मी बटणाची, धक्क्याची (माणसाने ढकलून इंजिन पेटवायची) आणि जागेवरून सुटण्याची अशा तिन्ही तऱ्हा स्वतः केल्या आहेत. त्यांतल्या धक्क्याच्या पद्धतीला लोक जुनाट म्हणतात. मला गाडी कळली ती तिच्यामुळे.

माझं माहेर कोल्हापूरचं. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं लेथवर्कशॉप, त्यामुळे ग्रीस, कूलंट आणि लोखंडाच्या किसाचा वास घरातलाच. कार्ट पहिल्यांदा पाहिली आणि चालवली ती मोहित्यांच्या ट्रॅकवर. रोटॅक्स मॅक्स इंजिनांच्या कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे होत आल्या आहेत. माझा धाकटा भाऊ आजही कोल्हापुरात एका संघाची इंजिनं बघतो. नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात आले, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करू लागले, आणि पगार हातात खेळायला लागल्यावर बॅनबरीजवळच्या शेनिंग्टन ट्रॅकवर जुनी रोटॅक्स कार्ट घेऊन उतरले. हा ट्रॅक जुन्या हवाई तळावर आहे. ब्रिटनच्या पहिल्या जेट विमानाच्या, ग्लॉस्टर ई.२८/३९च्या, चाचण्या याच धावपट्टीवर झाल्या होत्या. मोकळं माळरान आहे, वारा अडायला काही नाही, आणि थंडीत टायर गरम होता होत नाहीत.

रोटॅक्समध्ये सुरुवातीची पहिली पायरी अगदी सोपी. स्टिअरिंगपाशी एक बटण आहे, ते दाबायचं, बॅटरीवरचा स्टार्टर फिरतो, इंजिन चालू. या प्रकाराला ‘टॅग’ म्हणतात, टच अँड गो. रोटॅक्सने हे १२५ सीसीचं इंजिन १९९७मध्ये बाजारात आणलं आणि कार्टिंगचं गणितच बदललं. स्टार्टर हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा म्हणजे सेंट्रिफ्युगल क्लच. स्कुटीत असतो तोच प्रकार: इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी हलते. फेरे कमी झाले की शू सुटतात. म्हणजे गाडी उभी असली तरी इंजिन चालू राहू शकतं. गिरकी खाऊन गवतात गेलात तरी बटण दाबून पुन्हा ट्रॅकवर येता येतं. सोबत मदतीला कुणी नसलं तरी चालतं. परदेशात एकट्या आलेल्या, गाडी एकटीनेच ट्रेलरवरून उतरवणाऱ्या माझ्यासारखीला या खेळात शिरता आलं ते केवळ या बटणामुळे. हे मी मनापासून मान्य करते.

इंजिन चालू झालं म्हणजे शर्यत सुटली असं मात्र नाही. आधी एक फेरी मारायची, सगळ्यांनी आपापल्या क्रमाने दोन रांगांत जुळायचं. पुढचे दोघे वेग ठरवतात. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर दोन्ही रांगांसाठी पांढऱ्या रेघांच्या मार्गिका आखलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक मार्गिका दोन मीटर रुंद आणि सुरुवातीच्या रेषेच्या २५ मीटर अलीकडे एक पिवळी रेघ. त्या रेघेआधी वेग वाढवायचा नाही, मार्गिका सोडायची नाही. चाक रेघेबाहेर गेलं तर वेळेचा दंड बसतो. लाल दिवे जळत असतात. रांगा नीट जुळल्या असं स्टार्टरला, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याला, वाटलं की तो ते विझवतो. नाही वाटलं तर लाल तसाच राहतो आणि आणखी एक फेरी. पूर्वी दिव्यांऐवजी स्टार्टरच्या हातातला झेंडा असायचा, इकडच्या क्लबांमधली जुनी माणसं अजून त्या आठवणी काढतात.

नवख्यांना इथे सगळ्यांच्या मागे उभं करतात. मागून सुटणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. दिवा पुढच्यांना दिसतो. मागच्या माणसाला पुढच्या गाडीचा बंपर आणि हेल्मेटांची रांग, एवढंच दिसतं. पुढचे दोघे गॅस देतात तेव्हा मागचे अजून ब्रेकवर असतात. मधलं अंतर आधी आवळतं, मग एकदम मोकळं होतं. दिव्याची वाट बघत बसलं तर तोवर पुढची चौघं निघून गेलेली असतात. ऐकायचं असतं. पुढच्या इंजिनांचा घुमा आवाज एकाएकी स्वच्छ आणि चढा झाला की तीच आपली खूण. आणि जुळताना पुढच्याच्या बंपरला चिकटून बसायचं नाही, अर्ध्या गाडीएवढी जागा ठेवायची, म्हणजे तो हलायच्या क्षणी आपल्याला वेग घ्यायला वाव राहतो. ही अर्ध्या गाडीची जागा ठेवायला मला फार हिंमत लागायची, कारण शेजारचा लगेच घुसेल असं वाटतं. मार्गिकेच्या नियमामुळे तो घुसू शकत नाही. आधुनिक पद्धतीतली ही मला सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. मार्गिका आल्यापासून मागच्या रांगेतल्या माणसालाही थोडा विचार करायला जागा मिळाली.

तसाच दुसरा शहाणपणा म्हणजे पुढचं नोज. गेल्या दशकात युरोपभर नियम आला की पुढचं प्लास्टिकचं कवच दोन क्लिपांवर असं बसवायचं की जोरात ठोकर दिली की ते आत सरकावं. सरकलेलं दिसलं की दंड. पहिल्या वळणावर पुढच्याला ढकलून जागा काढायची जी रीत होती, तिला याने बऱ्यापैकी वेसण घातली. काही चालक कुरकुर करतात, की मागच्याने मला ढकललं, माझं नोज पुढच्यावर आपटलं आणि दंड मला. तक्रार खरी आहे. तरीही मी नियमाच्याच बाजूची. हातपाय शाबूत ठेवून सोमवारी कामावर जायचं असतं.

आता धक्क्याकडे येते.

शेनिंग्टनच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, एक सत्तरीचे गृहस्थ जुनी १०० सीसी कार्ट घेऊन येत. हवेने थंड होणारं इटालियन इंजिन, टिलॉटसनचा कार्ब्युरेटर, बॅटरी नाही, स्टार्टर नाही, क्लच नाही. इंजिनाच्या शाफ्टवरचं छोटं चक्र, तिथून साखळी, साखळी थेट मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर). याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. चाक फिरतं तेव्हा इंजिन फिरतं, चाक थांबलं की इंजिन थांबतं. मध्ये सोडवणारं काही नाही. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली तीही एका साध्या टू-स्ट्रोक इंजिनावर, आणि पुढची काही दशकं स्पर्धेच्या १०० सीसी कार्टचा कणा हाच राहिला. आयर्टन सेना १९७९ आणि १९८०मध्ये जागतिक स्पर्धेत दुसरा आला तो अशाच गाडीवर. उभ्याने शर्यत सोडणं या गाड्यांना शक्यच नव्हतं, म्हणून चालत्या सुरुवातीची रीत पडली. पुढे क्लच आला, पण रीत तशीच राहिली.

त्या गृहस्थांना ढकलायला माणूस हवा होता. मी शेजारीच उभी होते. आधी त्यांना ढकललं, मग काही महिन्यांनी त्यांनी मला गाडी दिली.

ढकलणं म्हणजे मागून रेटणं नव्हे. चाकं जमिनीवर असताना रेटलं तर इंजिनातला दाब गाडीला अडवून धरतो, टायर घासत राहतात, गाडी हलत नाही. म्हणून मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून मागची चाकं जमिनीपासून वीतभर उचलायची. आता गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर आहे आणि इंजिन स्वस्थ. बसलेल्या माणसासकट सव्वाशे किलोंच्या वरचं ते धूड, त्यातला मागचा भार हातांवर घेऊन पळायचं. आठ-दहा पावलांत वेग आला की सोडायचं, सोडताना किंचित खाली दाबायचं. त्याच क्षणी बसलेल्याने पाठ सीटवर आपटून वजन मागे टाकायचं, म्हणजे टायर घसरत नाहीत, जमीन धरतात. धुरी फिरते, साखळी ताणल्याचा खाडकन आवाज येतो, पिस्टन दाब फोडून पलीकडे जातो, एक खोकला, दुसरा, आणि मग इंजिन पेटतं. ढकलणाऱ्याने ताबडतोब बाजूला व्हायचं, कारण निळा धूर आणि मागून येणारी पुढची गाडी दोन्ही तिथेच असतात.

एकट्यानेही हे करता येतं. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, कारण इंजिन उजवीकडे. डावा हात स्टिअरिंगवर, उजव्याने सीटची पाठ धरून मागची बाजू उचलायची, पळायचं, सोडायचं, आणि इंजिन धरलं की चालत्या गाडीत उडी मारायची. गिरकी खाल्ली की सुटकेचा हाच एक मार्ग. मला हे सपाट जमिनीवर कसंबसं जमतं, चढावर जमत नाही.

बसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हातापायांना वेगवेगळी कामं. उजवा पाय गॅसवर अगदी जरासा. डावा ब्रेकपासून दूर, कारण भीतीने नकळत ब्रेक दाबला गेला तर मागच्याची सगळी मेहनत वाया. इंजिन थंड असेल तर एक हात स्टिअरिंग सोडून कार्ब्युरेटरच्या तोंडाकडे न्यायचा आणि तळव्याने ते क्षणभर झाकायचं. हवा अडली की पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि थंड इंजिन पेट घेतं. जुन्या छायाचित्रांत चालक सरळ पट्ट्यावर एक हात मागे नेताना दिसतात ते यासाठीच. भरधाव असतानाही मिश्रण क्षणभर श्रीमंत करायचं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवायचं; त्या पेट्रोलातच तेल मिसळलेलं असतं, ते पिस्टनला मिळतं आणि इंजिन जाम होत नाही. पहिल्यांदा तळव्याला तो शोषणारा ओढा लागला तेव्हा इंजिन श्वास घेतं हे मला हाताने समजलं. कामावर मी रोज हवा-इंधनाचे आलेख बघते, पण ते पडद्यावर.

यानंतरची जुळणीची फेरी ही धक्का स्टार्टची खरी परीक्षा. गणित सांगते. पुढचं चक्र १० दात्यांचं, मागचं ८०चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे आठ फेरे. मागच्या टायरचा व्यास साधारण २८ सेंटीमीटर, म्हणजे परीघ जेमतेम ८८. ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे १५ हजार फेरे घेतं, तिथे ते गातं. तीच गाडी ताशी २० वर आणली की फेरे तीन हजारांवर. टू-स्ट्रोक स्पर्धेचं इंजिन तिथे नीट जळतच नाही. पेट्रोल आत साठतं, प्लग ओला होतो, आणि नेमका दिवा विझल्यावर गॅस दिला की गाडी गुरगुरत जागच्या जागी. क्लचवाल्या गाडीत पुढचा चालक रांगेला रेंगाळवू शकतो; इथे त्याने फार सावकाश नेलं तर त्याचंच इंजिन आधी गुदमरतं. मग डावपेच असा की दिव्यापाशी येताना ब्रेक हलका धरून ठेवायचा आणि त्यावर गॅस थोडा चढा ठेवायचा, म्हणजे वेग वाढत नाही पण इंजिन भाराखाली राहून आतलं पेट्रोल जाळत राहतं. नंतर पाय उचलायचा तो ब्रेकचा.

हे मला जमेना. भावाला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, “ताई, तू दिव्याकडं बघाय लागलीयास. इंजिन काय म्हनतंय ते ऐक आधी. ते भरून आलंय.” मग त्याने कार्बच्या कमी वेगाच्या सुईबद्दल विचारलं आणि ती किंचित घट्ट करायला लावली, केवढी तर घड्याळातल्या पाच मिनिटांएवढी. तेवढ्याने फरक पडला. कोल्हापुरात बसून फोनवर ऐकून त्याला जे कळलं, ते मला गाडीवर बसून कळायला पूर्ण उन्हाळा लागला.

आणि एक गोष्ट, जी बटणाच्या गाडीत कधी जाणवलीच नव्हती. धक्का स्टार्टमध्ये शर्यतीची सुरुवात दोघांची असते. ट्रॅकवर जाण्याआधी गाड्या ओळीने लागतात, प्रत्येकीमागे एक माणूस वाकून बंपर धरून उभा. खुणेसरशी अख्खी ओळ एकदम पळते. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटाच्या तोंडाशी गाडा जुंपणारी, बैल आवरून धरणारी माणसं असतात आणि बारी चांगली बसली तर निम्मं श्रेय त्यांचं मानतात, तसंच इथेही ढकलणाऱ्याला मान आहे. कुणाचं इंजिन धरलं नाही तर शेजारच्या संघाची माणसं धावत येतात, प्रतिस्पर्धी असला तरी. मला ओळख ना पाळख अशा लोकांनी ढकललं आहे आणि मीही त्यांना.

ही पद्धत फक्त जुन्या गाड्यांच्या हौशी मेळाव्यांत उरली आहे असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. २००७मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर १०० सीसी वर्ग जाऊन केएफ नावाची १२५ सीसी इंजिनं आली, क्लच आणि स्टार्टरसकट. कल्पना चांगली होती. पण गाडीवर बॅटरी, वायरिंग, क्लच यांचं वजन आणि खर्च चढत गेला, बिघडायच्या जागा वाढल्या. २०१६मध्ये त्यांच्या जागी ओके आणि ओके ज्युनिअर हे वर्ग आणले, आणि त्यांत क्लच नाही, स्टार्टर नाही, पुन्हा डायरेक्ट ड्राइव्ह. सोय एकच केली: सिलिंडरच्या डोक्यावर दाब सोडणारा व्हॉल्व्ह. ढकलण्याआधी तो दाबायचा, दाब कमी होतो, गाडी सहज लोटली जाते, आणि इंजिन पेटलं की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. म्हणजे आज फॉर्म्युला वनची स्वप्नं बघणारी युरोपातली पोरं जागतिक स्पर्धेत उतरतात ती धक्का मारूनच. जुनं आणि नवं अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही.

जागेवरून सुटण्याबद्दल थोडक्यात, कारण तो अनुभव माझ्या गाठीला कमी आहे. गिअरच्या कार्ट, म्हणजे केझेड वर्ग: १२५ सीसी, सहा गिअर, पुढच्या चाकांनाही ब्रेक, हाताने दाबायचा क्लच. यांत इंजिन चालू ठेवून उभं राहता येतं, म्हणून ग्रिडवर, म्हणजे आखलेल्या चौकोनांत, उभ्यानेच सुटतात. एका ओळखीच्याने सरावाच्या दिवशी त्याची गाडी दिली. पहिला गिअर, क्लच आवळलेला, फेरे चढवलेले, आणि सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांत. एकदम सोडला तर मागची चाकं जागीच फिरतात किंवा इंजिन बंद पडतं, सावकाश सोडला तर शेजारचा गेला. क्लचचा उपयोग जवळपास तेवढाच; एकदा सुटल्यावर गिअर त्याच्याशिवायच पडतात. जोर असा की मान मागे फेकली जाते. यात प्रतिक्रियेचा वेग मोजला जातो, नजर आणि बोटं. मजा प्रचंड आहे. पण पहिल्या वळणावर सगळे वेगवेगळ्या वेगाने येऊन आदळतात, आणि मध्येच कुणाचं इंजिन बंद पडून तो ग्रिडवर उभा राहिला तर मागून येणाऱ्यांसाठी ते फार वाईट. त्यामुळे लहान मुलांच्या वर्गांत चालती सुरुवातच बरी, असं माझं ठाम मत आहे.

भारतात राष्ट्रीय स्पर्धा टॅग इंजिनांवर होतात हेही मला योग्य वाटतं. सोबत माणूस नसलेल्या, खर्च जपून करणाऱ्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला बटणाची गाडीच आत येऊ देते. पण ज्याला पुढे जायचं आहे, त्याने एकदा तरी क्लच नसलेल्या गाडीवर बसावं आणि दुसऱ्याची गाडी उचलून पळावं, असं मी भावाला सारखं सांगत होते. त्याने आता कुठूनसं जुनं १०० सीसी इंजिन मिळवलं आहे. सिलिंडर ठीक आहे, पिस्टनची रिंग गेलेली. मी इकडून रिंग आणि टिलॉटसनचा डायफ्राम पाठवून दिला आहे. चक्राचे दाते वडील लेथवर्कशॉपमध्ये तपासताहेत, आणि ढकलायला उद्यमनगरात माणसांचा तोटा नाही.